मंगलाष्टकापर्यंत बॅटरी

लग्न अडीच तासांचं आणि लॅपटॉपची बॅटरी दीड तासाची, हे गणित गुणवंता धोटे सरांपुढे येऊन पडलं तेव्हा त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. सौंसरच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवण्यात सरांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा एक समज असतो, की जगातली कुठलीही अडचण आठवीच्या पुस्तकाबाहेरची नसते. पुस्तकात सापडली नाही तर दोष अडचणीचा.

लग्न सरांच्या मुलाचं, अभिजीतचं. तो आणि सूनबाई प्रियंका दोघंही बंगळुरूला नोकरीला, म्हणून हिवाळ्यात लग्नही तिकडेच झालं. त्या लग्नाला सरांची आई कलाबाई जाऊ शकली नाही. लग्न तोंडावर आलेलं असताना रामाकोना गावातल्या शेतात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ज्या नातवाला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्या डोक्यावर चार अक्षता टाकायला ती नव्हती. नागपूरच्या दवाखान्यात पडल्या पडल्या तिनं रोडग्यांचा, म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नवस बोलून टाकला.

"पायावर उभी झाली का वावरात रोडगे करीन मारोतीले. आन त्याच दिशी पोराचं लगन पाहीन. माह्या अक्षता टाकाच्या राहून गेल्या."

होळीच्या आधी कलाबाई काठी घेऊन चालायला लागली. अभिजीतनं लग्नाची अडीच तासांची फिल्म पाठवली होतीच. आता खरं तर एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण कलाबाईच्या काही अटी होत्या. मोबाइलवर बघायचं नाही, कारण "इतकुशा डबीत लगन मावते का?" घरच्या टीव्हीवर एकटीनं बघायचं नाही, कारण "एकल्यानं का लगन पाह्यतेत? सोयरे पाह्यजे, पंगत पाह्यजे." सरांनी सुचवलं की आई, तुला फक्त मंगलाष्टकं दाखवतो, अक्षता टाक, दोन मिनिटांचं काम आहे. तेव्हा मात्र ती रागावलीच.

"हळद लागल्याबिगर अक्षता टाकू? बिनहळदीचं लगन लावतं का पोराचं?"

म्हणजे फिल्म पुढे पळवायची सोय नव्हती. आणि मंगलाष्टकं यायची ती दोन तास उलटून गेल्यावर. त्याआधी हळद होती, मेंदी होती, नाचगाणी होती, आणि फोटोवाल्यानं ड्रोन उडवून नारळाच्या झाडांचे शेंडे इतके दाखवले होते की लग्न माणसांचं आहे की झाडांचं, असा प्रश्न पडावा. मधलं काही कापावं म्हणून सरांनी नातेवाइकांची चाचपणी केली. पण जो तो दुसऱ्याचं कापायला तयार. लोधीखेड्याचे भगवंतराव, म्हणजे कलाबाईचे थोरले भाऊ आणि सरांचे मामा, संगीताच्या कार्यक्रमात बराच वेळ नाचले होते. त्यांनी फोनवर ठणकावलं, "भाचे, माहा नाच कापला तं मी रोडग्याले येत नाई." मामाशिवाय कार्य कसलं? नाच राहिला.

फिल्म शेतात लॅपटॉपवर दाखवायची ठरली. तिथं विजेची लाईन नव्हती असं नाही. पण ती मोटारीची लाईन, आणि त्या आठवड्यात तिची पाळी रात्रीची. दिवसा तेवढ्या तीन तासांसाठी द्यावी, असा, गाव हिंदी राज्यातलं म्हणून शुद्ध हिंदीतला, अर्ज घेऊन सर वीज कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला.

"मास्साब, शादी कब की है?"

"हो गई. दिसंबर में."

"तो बिजली अब काहे को?"

सरांनी सगळं समजावून सांगितलं. बाबू चांगला माणूस होता. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, चहासुद्धा पाजला, आणि म्हणाला की होणाऱ्या लग्नासाठी तात्पुरत्या कनेक्शनचा नियम आहे, झालेल्या लग्नासाठी नाही. पत्रिका जोडली तर साहेब तारीख बघणार, नाही जोडली तर पत्रिका मागणार. नंतर दाराशी येऊन हळूच म्हणाला, "लडके की दूसरी हो तो बताना." सर त्या दिवशी जेवले नाहीत.

लग्नसराईमुळे मंडपवाल्याचं जनरेटर मोकळं नव्हतं. पांढुर्ण्याच्या दुकानात लॅपटॉपची नवी बॅटरी होती, पण ती दुसऱ्याच लॅपटॉपची. "थोडशी मोठी हाय सर, दाबून बसवू," असं दुकानदार म्हणाला, तेव्हा सरांनी आपला लॅपटॉप छातीशी धरून बस पकडली. तो लॅपटॉप अभिजीतच्या कॉलेजातला, आता सरांच्या वाट्याला आलेला. मुलगा मोठा झाला की बापाला त्याचे जुने शर्ट येतात, तसा.

तर आता उरला एकच मार्ग. आहे ती बॅटरी पुरवायची.

ही बातमी शेजारच्या भैय्याजींना कळली. भैय्याजी सहकारी सोसायटीतून निवृत्त झालेले, आणि सल्ला देताना समोरच्यानं तो मागितला आहे की नाही, हे बघण्यात वेळ न घालवणारे.

"सर, पांढरा रंग करंट खाते. तुमी सारं काळं करून टाका. मंग पाहा बॅटरी कशी चालते थे."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर सरांनी झटकून टाकलं असतं. पण विद्वान माणसाची पंचाईत अशी, की कुठल्याही चुकीच्या गोष्टीला त्याला लगेच कारण सापडतं. पांढरा म्हणजे सात रंगांची बेरीज. सात रंग दाखवायचे तर यंत्राला सातपट कष्ट. पटलं! सरांनी पडद्यावरचा अभिजीतचा लहानपणचा फोटो काढून टाकला आणि सगळीकडे काळं केलं. पाटी काळी, खिडक्या काळ्या, अक्षरं तेवढी करडी.

सरांची बायको शोभा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अवो, सुतक लागल्यावानी हे काऊन केलं?"

"प्रयोग करून राहिलो."

प्रयोग झाला. भरलेल्या बॅटरीवर फिल्म लावली आणि सर घड्याळ घेऊन बसले. पहिल्या चाचणीत मामांच्या नाचातल्या ज्या गिरकीवर लॅपटॉप बंद पडला होता, त्याच गिरकीवर तो पुन्हा बंद पडला. मामांचा एक पाय हवेत होता, तो हवेतच राहिला.

कारण सरांना दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं आपणच सापडलं, आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला. खिडकीवर शोभानं काळी शाल वाळत घातली होती. खोलीत अंधार झाला होता, पण म्हणून बाहेरचं ऊन काही कमी झालं नव्हतं. लॅपटॉपचंही तेच. पडद्यामागे दिवा लागलेलाच असतो. पुढे काळं आलं की उजेड अडतो, दिवा विझत नाही. काही नव्या मोबाइलमध्ये काळ्यानं खरोखर बचत होते म्हणे, पण हा लॅपटॉप त्या पिढीचा नव्हता. भैय्याजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तुमी काळा रंग नीट लावला नसन."

रात्री अभिजीतचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, त्याच्यात डिस्प्लेचं पॉवर सेव्हिंग असते. ते चालू करून पाहा." ही सोय अशी होती, की पडद्यावर चित्र कसं आहे ते यंत्रच बघणार आणि मागचा दिवा आपल्या मनानं थोडा कमी करणार. सरांनी ती चालू केली. आता फिल्ममध्ये काळोखा प्रसंग आला की पडदा हळूच मलूल व्हायचा, उजेडाचा आला की दचकून जागा व्हायचा. मेंदीच्या कार्यक्रमात प्रियंकाचा चेहरा असा काही उजळत आणि विझत राहिला की शोभा काळजीनं म्हणाली, "पोरीले चक्कर येऊन राहिली का?" आणि एवढं करून बचत किती? एक कप चहा उकळेल, इतक्या मिनिटांची. दोन कपांचं आधण ठेवलं तर तीही पुरली नसती.

मग सरांनी ते बटण दाबलं, जे पहिल्या दिवसापासून त्यांच्या समोर होतं. उजेड कमी करण्याचं. एक पायरी उतरवली, बॅटरी मामांच्या गिरकीच्या पुढे गेली. आणखी उतरवली, नारळाची झाडं पार झाली. ही बचत खरी होती, डोळ्यांना दिसणारी होती. म्हणजे घड्याळात दिसणारी, कारण पडद्यावर आता फारसं काही दिसत नव्हतं. पण सर संध्याकाळी खोलीची दारं-खिडक्या लावून प्रयोगाला बसत. अंधाराला डोळे सरावले की शेवटच्या पायरीवरही चेहरे ओळखू येत. त्या पायरीवर सगळं लग्न पार पडलं, वरात निघाली, नवरी रडली, फोटोवाल्याचं नाव आलं, आणि तरीही बॅटरीत जीव होता. सर अंधारात टाळ्या वाजवत उठले आणि शोभाच्या हातातल्या वरणाच्या वाटीवर आदळले.

"आई!" ते ओरडले. "तुह्या अक्षता पडतेत आता!"

कलाबाई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "मंग बाशिंग आन गा, म्या तं तयारच हाय." आणि हसली. आजारपणानंतर ती अशी मोकळी हसलेली सरांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. तांदूळ हळदीकुंकवानं रंगवून तिनं डब्यात भरूनही ठेवले होते. रोज झाकण काढून बघत असे, म्हणे किडे लागले का ते पाहते. चार दिवसांच्या तांदळाला कुठले किडे लागतात? सरांना त्या डब्याकडे बघून उगीच गलबलून येई. आपल्यामुळेच आई लग्नाला मुकली असं त्यांना वाटे, कारण त्या दिवशी धुऱ्यावर तिला "तू हो पुढं, मी आलो" असं म्हणणारे तेच होते.

शाळेच्या स्टाफरूममध्ये या शोधाची वाच्यता झाली. भैय्याजींनी ती सगळ्या मोहल्ल्यात नेली, आणि नेताना शोध थोडासा स्वतःच्या नावावर केला. म्हणून रोडग्यांच्या दिवशी शेतात पाव्हणे जरा जास्तच जमले. निम्मे रोडगे खायला आणि निम्मे वीज नसताना चालणारं लग्न बघायला.

संत्र्याच्या बागेला लागून मोठा आंबा आहे, त्याच्या सावलीत ताडपत्री अंथरली होती. पलीकडे बायका गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होत्या, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. मारोतीला नैवेद्य झाला. पण पंगत बसायची नव्हती, कारण कलाबाईनं सांगून ठेवलं होतं, आधी लगन, मग जेवण. स्टुलावर लॅपटॉप आला. सौंसरच्या राजूनं त्याच्या मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातला मोठा चार्जिंगचा स्पीकर दिला होता, तोही शेजारी आला. कलाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या ओळीत खुर्चीवर बसली. डबा मांडीवर होता.

सरांनी छोटंसं भाषण केलं. "हा उजेड शास्त्रीय पद्धतीनं ठेवलेला हाय. कोणी बटनाले हात लावू नये."

फिल्म लागली. सनई सुरू झाली. आणि भर दुपारच्या लख्ख उजेडात, शेवटच्या पायरीवर ठेवलेला तो पडदा, बाजारात विकायला ठेवलेल्या काळ्या पाटीसारखा दिसू लागला.

हे कुणी बोललं का? नाही. कारण मान पहिला मामांचा. भगवंतराव सगळ्यांच्या पुढे सरकून बसले होते, डोक्याला गुलाबी फेटा. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं, आणि पडद्यातून एक गुलाबी फेट्याचा, भरदार मिशांचा गृहस्थ त्यांच्याकडे निरखून बघताना दिसला.

"वा!" मामा म्हणाले. "हा पाहा मी. लय साफ येऊन राहिलो."

त्यांनी मिशीला पीळ दिला. पडद्यातल्यानंही दिला. लग्नात आपण असं केल्याचं त्यांना आठवेना, पण करणं शक्य होतं. आता एवढ्या मोठ्या माणसानं "साफ" म्हटल्यावर बाकीचे काय बोलणार? भैय्याजी वाकले, त्यांना भैय्याजी दिसले. ते बंगळुरूला गेलेच नव्हते. क्षणभर ते गोंधळले, पण हा शोध अर्धा त्यांच्या नावावर होता, म्हणून मान डोलावून म्हणाले, "क्वालिटी हाय." मग सगळेच मान डोलावू लागले. ज्याला दिसलं नाही त्याला वाटलं आपण वाकडे बसलो, ज्याला अजिबात दिसलं नाही त्याला वाटलं आपला चष्मा बदलायला झाला. आवाज मात्र खणखणीत होता. गाणं लागलं की लोक ताल धरत, स्पीकरमधले लोक हसले की ताडपत्रीवरचेही हसत.

या सगळ्यात फिल्मकडे न बघणारा एकच माणूस होता, तो म्हणजे सर. त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या आकड्यावर खिळली होती, बाजूनं अगदी जवळून, हाताचा आडोसा करून. आकडा रेंगाळत होता. हळद झाली, आकडा तगडा. मेंदी झाली, आकडा हलेना. मामांच्या नाचाचं गाणं वाजलं आणि ती गिरकी मागे गेली, तेव्हा सरांना वाटलं की आपण हे शाळेच्या मासिकात लिहायला पाहिजे.

कलाबाई मधूनच शेजारणीला विचारी, "हळद लागली का वं?" शेजारीण म्हणे, "लागली नं, बाई." कलाबाई मान हलवी आणि पुन्हा पुढे बघत बसे. फार शांत बसली होती. सरांना वाटलं, आई रंगली आहे.

आणि मग स्पीकरमधून भटजींचा खडा आवाज आला. मंगलाष्टकं सुरू झाली! आणि अजून अर्धा तास तगेल इतकी बॅटरी बाकी होती. सरांचा ऊर भरून आला. त्यांनी डब्यातले तांदूळ सगळ्यांना वाटले, कलाबाईला हात धरून उभं केलं. शोभा राखेचे हात लुगड्याला पुसत धावत आली. पहिलं "सावधान" झालं आणि ताडपत्रीवरून अक्षतांचा सडा पडला. दुसरं झालं, दुसरा सडा. कलाबाईची मूठ मात्र मिटलेलीच.

सरांनी पहिल्यांदा त्या आकड्यावरून नजर काढली. "आई, टाक नं. याच्यासाठीच तं सारं केलं."

कलाबाई त्यांच्याकडे वळली.

"कोणावर टाकू? मले तं कोनीच दिसून नाई राहिलं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "गुणवंता, माहे मोतीबिंदू काढून बनवलेले डोये गेले का रे? हे सारे पाहून राहिले, हासून राहिले. मले मघापासून नुसती मीच दिसून राहिली."

सर तिच्या खुर्चीवर बसले आणि तिनं दोन तास जिथं बघितलं होतं तिथं त्यांनी बघितलं. पडद्यात आंब्याची फांदी होती, तिच्याखाली एक अर्धवट टकलाचा विज्ञानाचा मास्तर होता, आणि त्याच्यामागे एक म्हातारी मूठ मिटून उभी होती. नातू कुठेच नव्हता.

सरांना इतकी लाज वाटली की कान तापले. वीज कार्यालयातसुद्धा अशी वाटली नव्हती. दोन तास त्यांची आई आपण आंधळी झालो असं समजून, चारचौघांत कार्य बिघडू नये म्हणून गप्प बसून राहिली होती, आणि ते आकडा राखत बसले होते.

शोभानं पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "इतकी बॅटरी वाचवून लोणचं घालता का तिचं?"

सर उठले आणि बटण दाबायला लागले. एक पायरी, दुसरी, तिसरी, पार वरपर्यंत. पडदा उजळत गेला. रंग आले, मांडव आला, माणसं आली.

"अरे," मामा दचकून म्हणाले, "माहा फेटा कोठी गेला?"

"आई, तुहे डोये चांगले हाय," सर म्हणाले. "माहीच अक्कल गेली होती. थांब, हळदीपासून लावतो पुन्हा."

"हळद लागली. ऐकली म्या सारी," कलाबाई म्हणाली. "तू अक्षताच लाव."

सरांनी फिल्म मंगलाष्टकांवर नेली. कोपऱ्यातला आकडा आता उतारावरच्या गाडीसारखा घसरू लागला होता. सरांनी त्याच्यावर तळहात ठेवला. अंतरपाटाच्या अलीकडे अभिजीत उभा होता, घामेजलेला, मुंडावळ्या बाजूला सरकलेल्या. कलाबाई काठी टाकून दोन पावलं पुढे गेली.

"बाई! किती वाळला हा. खात नाई का तिकडं?" मग तिनं अंतरपाटापलीकडे पाहिलं. "आन हे सून नं? गोड हाय वं. माह्यावानी ठेंगणीच हाय."

"शुभमंगल सावधान!"

कलाबाईनं मूठ उघडली. नेम चुकला नाही. तांदूळ अभिजीतच्या डोक्यावर पडले, प्रियंकाच्या डोक्यावर पडले, आणि तिथून घरंगळत लॅपटॉपच्या बटणांमध्ये गेले. तिनं पुन्हा टाकल्या, पुन्हा टाकल्या, डबा रिकामा होईपर्यंत टाकत राहिली. मागून सगळ्यांनी टाकल्या. या वेळी लोकांना कुणावर टाकतो ते दिसत होतं. शोभा पदरानं डोळे पुसत होती, त्यामुळे राख गालाला लागली.

वाजंत्री सुरू झाली आणि लॅपटॉप बंद पडला. बॅटरी संपली की तांदूळ आत गेले, हे राजूलाही नंतर सांगता आलं नाही. सरांचा हात आकड्यावरच होता. भैय्याजी म्हणाले, "पाहा, म्या म्हतलं होतं, काळाच ठेवा."

ताडपत्रीवर थोडी चुळबुळ झाली. वरात राहिली होती, नवरीचं रडणं राहिलं होतं. सर आईकडे बघत म्हणाले, "आई, बाकीचं घरी..."

"कायले?" कलाबाई काठी शोधत म्हणाली. "अक्षता पडल्यावर कोन मांडवात बसून रायते? पाव्हणे उपाशी हाय. तू नवरदेवाचा बाप नं? ऊठ, पंगत वाढ."

सरांनी लॅपटॉप मिटला, तसे आतले तांदूळ खुळखुळले. तो आंब्याच्या बुडाशी ठेवून त्यांनी वरणाची बादली उचलली आणि मामांच्या ताटापासून वाढायला सुरुवात केली.